मऊ मातीचा भाव

ता. ४

चि. भाऊजींना आशीर्वाद. वि. वि.

दरसूचीवरून केलेलं अंदाजपत्रक पोचलं. अक्षर मोत्यासारखं, आकडे बिनकामाचे. मऊ माती म्हणून चराची खोदाई सगळ्यात स्वस्त धरलीत. मी स्वतः चार खोदणाऱ्यांना विचारून आले. त्या चरात उतरायचे तिप्पट मागतात. कडेला फळ्यांचा आधार दिला, तर नेहमीचाच भाव. तुमच्या पुस्तकात मऊ म्हणजे स्वस्त असेल, इथे मऊ म्हणजे अंगावर येणारी. वर्षापूर्वी ह्यांच्या अंगावर आली, ती ह्यांना घेऊनच गेली की.

मालक सोमवारी आकडा मागतोय. जास्त वाटला तर ह्यांचं अर्धं राहिलेलं काम दुसऱ्याला देईल, आणि मला ते पुरं करायचंय. तेव्हा इंजिनिअरसाहेब, फळ्या धरून परत मांडा.

जाऊबाईंना विचारलंय म्हणा.

तुमची वहिनी


ता. ८

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

फळ्या धरून नवं अंदाजपत्रक सोबत आहे. रक्कम बरीच वाढली.

एक सांगायचं राहिलंय. मागच्या वेळी दादाने फळ्या लिहिल्या होत्या. ती ओळ मीच खोडली. एवढ्या खोलीला गरज नाही, उगाच काम हातचं जाईल, असं म्हणालो. तो हसून बरं म्हणाला. हल्ली कोऱ्या कागदावरही ती ओळ दिसते, आणि पेन तिथेच अडतं.

रागवा, पण पत्र बंद करू नका.

तुमचा धाकटा दीर


ता. २२

चि. भाऊजींना आशीर्वाद. वि. वि.

माहीत होतं. खोडलेला कागद ह्यांच्या खिशात सापडला होता. तुम्ही तोंड कधी उघडता, याची वर्षभर वाट पाहिली. माफ केलं का विचारू नका, मलाच ठाऊक नाही. जिन्यात अजून ह्यांची मोजायची टेप ओढल्याचा आवाज येतो. आता मी उठून बघत नाही.

मालक म्हणाला, आकड्यातून फळ्या काढ. मी नाही म्हटलं. काम गेलं. नवा कंत्राटदार आला, त्याच्या कागदात फळ्या नाहीत. तेव्हापासून मी रोज सकाळी चराच्या काठावर जाऊन उभी राहते. दोनदा हाकललं, पुन्हा गेले. खोदणारे माझ्याकडे बघतात, मग माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघतात, आणि कुदळी खाली ठेवतात.

अजून एकही जण खाली उतरलेला नाही.

लोभ कमी करू नका. मला जमेल तेवढा मीही ठेवीन.

वहिनी