तीन देशांत एकच बाई

४ जानेवारी
भिंतीएवढ्या पडद्याची बिलावरची किंमत खोटी. खरी अशी: अकरा हंगाम निफाडच्या द्राक्षबागांत फवारणीचे पंप दुरुस्त केले, एक नख कायमचं गेलं आणि लग्नानंतर रूपालीला एकदाही थिएटरात नेलं नाही. आता गंगापूर रोडला नवा फ्लॅट आणि त्यात एक खोली फक्त सिनेमासाठी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून रूपाली सटाण्याला आहे, रविवारी येईल. तोवर राज्य माझं.

आज कोरियन सिनेमा लावला. खालची अक्षरं बंद केली. ती वाचत बसलं की चेहरे निसटतात. एक म्हातारी लेकाला वाढता वाढता बोलत होती. शब्द एकही कळला नाही, पण ‘घे अजून, बाहेर काय खातोस देव जाणे’ असंच काहीतरी असणार. मोटारीच्या आवाजावरून कोणतं बेअरिंग गेलं ते मी सांगतो, मग माणसांचं काय अवघड. रूपालीचा आवाज तर शंभरांत ओळखीन.

नंतर तिथेच बसून, फोन स्पीकरवर टाकून, तिला सगळी गोष्ट सांगितली. म्हणाली, अहो, यातली अर्धी तुमच्याच पदरची दिसते.

६ जानेवारी
इराणी. दोन भाऊ जमिनीवरून भांडतात, थेट आपल्या तलाठ्याच्या ऑफिसातल्यासारखे. फार रंगलं. मात्र मध्येच बंद दारापलीकडून एक बाई हाक मारते. दिसत नाही. कोरियन सिनेमातही तीच होती. आवाज जरा खरखरीत, घसा नवीन असल्यासारखा.

मी लगेच ताडलं: डबिंगवाल्यांनी पैसे वाचवलेत. रूपालीला सांगितलं तर म्हणाली, तिचा नंबर मिळवा, माझ्या आईशी तुमच्या वतीने तीच बोलेल.

७ जानेवारी
पोलंडचा सिनेमा. खाणीतले मजूर. आणि तीच बाई. खरखर कमी झालीय.

पडदा बसवून देणाऱ्या सनीने हा पाहिलेला आहे, म्हणून त्याला फोन केला. तो हसला. काका, त्या सिनेमात बाईच नाही. एकसुद्धा.

८ जानेवारी
जपानी लावला. दाराआडून तिने विचारलं, जेवलात का. मराठीत. रूपालीच्या आवाजात. फोनवर रूपाली रोज पहिलं हेच विचारते.

पडद्याची वायर काढून टाकली. रूपालीला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. तिचं उलटंच: एकटं राहून कान वाजायला लागलेत तुमचे, मी उद्याच निघते. ऐकेना. मग डोकं चालवलं. ती जी कोण आहे, ती शिकलीय ते आमच्या फोनवरच्या मराठीतून. अहिराणी तिच्या कानावर पडलेली नाही. माहेरच्या दारात रूपाली नेहमी ओरडते, ‘घरमा कोण शे?’ ठरलं. उद्या दारात तिने हेच म्हणायचं. दुसरं काही ऐकू आलं तर मी कडी काढणार नाही. रूपालीने दोनदा म्हणून दाखवलं, हसत. वर म्हणाली, जावईबापू शेवटी अहिराणी शिकले.

नेहमीसारखाच, पडद्यासमोर बसून, स्पीकरवर बोललो. पडदा बंद होता. आता बरं वाटतंय.

९ जानेवारी, सकाळ
खोलीला बाहेरून कडी लावली. आतून कोणीतरी दबक्या आवाजात घोकतंय. शब्द लागत नाहीत. खाली जाऊन बसलो असतो, पण मी नसताना रूपाली आली, आणि ही आतून माझ्या आवाजात ‘ये’ म्हणाली तर —

दुपार
घोकणं थांबलं. खोली गप्प. ही शांतता जास्त —

बेल वाजली.

घरमा कोण शे.

तीच. हसत म्हणाली. खरखर अजिबात नाही. माझी रूपाली. जीव भांड्यात पडला. बाहेरच्या दाराची कडी काढून आलो, म्हटलं ये आत, एवढं लिहून —

चपला काढल्याचा आवाज आला नाही. दार मात्र उघडलं.

फोन वाजतोय. रूपालीचा. स्टँडवरून बोलतेय, मागे कंडक्टर ओरडतोय. उशीर होईल म्हणाली, बस लागलेलीच नाही. ती अजून सटाण्यातच आहे आणि