चार दिवसांची पाहुणी

सोलापूर, सोमवार

व्याही मडिवाळप्पा यांना गुरुशांतचे शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा कसा आहे? (माझा तुमच्या कोर्टाच्या जिन्याने पार कामातून गेला.) विहीणबाईंना नमस्कार.

परवा कलबुर्गीला तुम्ही आपल्या ऋतुजाला घेऊन बाहेर बाकावर बसलात, त्यामुळे आतली गंमत हुकली. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू (भांडण असलं तरी मान आहेच), यांनी पोरीच्या ताब्याचा दावा तिथे लावला. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्याच कोर्टाला अधिकार, म्हणजे सोलापूरला, असं आमचे वकील सांगत होते. तेवढ्यात जावईबापूंच्या वकिलांनी माझंच दिवाळीचं पत्र बाहेर काढलं! (तुम्ही पत्रं एवढी जपता हे ठाऊक असतं, तर अक्षर तरी बरं काढलं असतं.) मोठ्याने वाचलं, 'नात तुमचीच. आमच्याकडे चार दिवसांची पाहुणी आहे.' माझी सिद्धेश्वरी अशी बघायला लागली की जणू मीच तिची लेक उचलून दिली. लेकीच्या सासरी आपण असंच लिहितो, पण ते कोर्टाला कोण सांगणार?

जजसाहेबांनी मला उभं केलं आणि हे चार दिवस कधी सुरू झाले ते विचारलं. म्हटलं, "तीन वर्सं झाली की, सायेब." मग असं का लिहिलं? "व्याह्यांना दुसरं काय लिवत्यात?" साहेब हसले, शाळेचा दाखला पाहिला आणि अर्ज परत केला. दावा चालवायचाच तर सोलापुरात चालवा म्हणाले. पुढे निकाल काय लागायचा तो लागो, पण शाळा बुडवून दर महिन्याची पोरीची फरफट संपली. गाडीत बसल्यावर आम्ही बापलेक चक्क रडलो. वर्षभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आपला,
गुरुशांत

ता. क. तुम्हाला एक ओळही लिहायची नाही, अशी वकिलांची सक्त ताकीद आहे. तेव्हा वाचून झाल्यावर हे फाडा.

आणखी एक. घरी येताच ऋतुजाने विचारलं, "आता पुडची तारीख कवा?" म्हटलं, तारीख न्हाय, आता तितं जायचंच न्हाय. तर पोर जेवलीच नाही. "मग आज्जा कुटं भेटनार?" म्हणाली. वर्षभर ती तारखेची वाट बघायची, आणि मला वाटायचं हिला शाळा बुडवायला आवडते. रविवारी सकाळच्या गाडीने या. हे सिद्धेश्वरीनेच मला लिहायला बसवलं आहे.