तारप्यामागे गेलेला पाठिंबा

प्रिय साडूभाऊ उमेशराव यांस,

उधव्याहून विनोदचा वाकून रामराम. गुडघा आता कसा आहे? कविताताई आणि चिकूची वाडी ठीक असेल असं धरून चालतो, कारण विचारायला माझ्याजवळ फोन नाही. (निलमनं काढून घेतला. म्हणाली, तुमच्या हातात बोलायचं काही द्यायचंच नाही.) माझं म्हणाल तर माझं ताट ओटीवर येतं, तेही मुकाट्यानं.

बाजारातला माझा व्हिडिओ तुमच्या रानशेतला पोचला असेलच. पण खरं काय झालं ते ऐका. पंचायत समितीच्या पोटनिवडणुकीला आमच्या शिडीवाल्या पक्षानं निलमला तिकीट दिलं, आणि मी पडलो पक्षाचा तालुका उपाध्यक्ष. बाजाराच्या दिवशी जंगी फेरी काढायची म्हणून झरीच्या लडक्याकाकाला त्याचा तो भोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकायला बोलावलं. त्याच्यामागे आम्ही हात गुंफून नाचत निघालो, मी सर्वांत पुढं. आता तारपेवाला वळेल तिकडं वळायचं आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही, हे आपल्याकडं पोरंसोरंही जाणतात. पण उन्हानं तारप्याचा भोपळा जोडणारं मेण पाघळायला लागलं आणि काका सावली शोधायला लागला. सावली होती नेमकी आमच्या विरोधातल्या बादलीवाल्यांच्या मांडवात! काका आत, मी आत, माझ्यामागे आमचा अख्खा पक्ष आत. पाठ फिरवून पळावं तर तारप्याचा अपमान, आणि हात सोडवावा तर हाताला शुक्रीकाकू. (त्यांची पकड आपण लग्नात अनुभवलीच आहे.)

इथवर सगळं देवानं केलं. पुढचं मात्र मी केलं. तारपा थांबला, बादलीच्या उमेदवार जिजाबेन हसत उठल्या, कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात माईक दिला. उमेशराव, माझी उभी हयात बारशी, सत्कार आणि क्रिकेटच्या सामन्यांची उद्घाटनं करण्यात गेली. माईक हातात आला की शेजारी उभा असेल त्याचं कौतुक आपोआप सुरू होतं. म्हणालो, जिजाबेन म्हणजे आपल्या मातीतलं नेतृत्व! टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला राहवत नाही हो. म्हणालो, यांना प्रचंड बहुमतानं निवडून द्या! आणि मग मांडवाच्या कडेला निलम दिसली, हातात आमची पत्रकं घेऊन. तिनं पत्रकं पिशवीत कोंबली आणि चालू लागली.

तेव्हापासून ती पाड्यापाड्यावर एकटी फिरतेय, पायाला फोड आलेत. पक्षानं मला नोटीस दिली; जिल्हाध्यक्ष तुषारभाऊंनी निरोप धाडला की प्रचारात तोंड दाखवू नका. ती पडणार आणि माझ्यामुळं पडणार. लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती मी भर बाजारात दुसरीला देऊन आलो. वाईट वाटतं हो, फार वाईट वाटतं. कविताताईंनी थोरली बहीण म्हणून तिची एकदा समजूत घालावी, एवढंच मागणं.

आपला अभागी साडू,
विनोद

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात निकाल लागला. निलम निवडून आली! पण माझं ताट अजून ओटीवरच आहे. झालं असं, की पाड्यापाड्यावर लोक म्हणाले, विनोदभाय ज्याच्या बाजूनं बोलला त्याचं काही खरं नाही, आणि सगळ्यांनी शिडीचं बटण दाबलं. आता निलमला जो भेटतो तो माझं अभिनंदन करतो. फोड तिच्या पायाला आणि नाव माझं, म्हणून ती आणखीच भडकलीय.

दुसरा ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. आपण बादलीवाल्यांच्या पॅनेलमधून रानशेतच्या सरपंचपदाला उभे आहात असं कळलं. तुषारभाऊंनी नोटीस मागं घेऊन मला तातडीनं तुमच्या प्रचाराला धाडायचं ठरवलंय. जाहीर पाठिंबा, भाषणासकट. पिशवी निलमनं स्वतः भरून दिली. म्हणाली, तुम्हाला जे एक काम जमतं तेवढं तरी नीट करून या, मग घरात जेवायला बसा. किती दिवसांनी बोलली हो ती माझ्याशी! रविवारी पोचतो. माईकची सोय तेवढी करून ठेवा, आणि उमेशराव, साडू म्हणून पाया पडतो, एवढी एक निवडणूक माझ्यासाठी हरा.