पांढरी बुरशी

८ जानेवारी
आरमोरीहून काळीपिवळीनं पोचले. एम.एस्सी.नंतरची पहिली नोकरी, आणि मी, राजुऱ्याची पुनम, थेट मोहाच्या झाडांची डॉक्टरीण! खोली झकास, मागे तळं. समोरच्या मनकर्णाबाईनं आल्याआल्या भात न् मासोळीचा रस्सा वाढला. इतकी वाळकी पोरगी झाडाले काय औषध देते, म्हणून हसली.

इथं प्रत्येक मोह कुणाचा ना कुणाचा असतो. बाईचे सात, सातही आजारी. सासूनं मरायच्या आधी हाताला धरून एकेक दाखवला होता म्हणे.

११ जानेवारी
बाईला न् तिच्या नवऱ्याला, लटारूभाऊंना, समजावलं. नारिंगी बुरशी झाड मारते. तिलाच विषाणू लागला की ती पांढरी पडते, मरगळते. ही पांढरी जखमेच्या कडेला भरायची, म्हणजे विषाणू नारिंगीलाही लागतो न् झाड वाचतं. काट्यानं काटा काढायचा. भाऊ म्हणाले, म्हणजे बिमारीलेच बिमार करून राह्यली तू.

१९ जानेवारी
आठवडाभर वीज नव्हती, फ्रीज बंद. दोन्ही बुरशांच्या बशा पेटीत, ओल्या पोत्याखाली ठेवल्या होत्या. लेबलं पुसली गेली, पण मला डोळे आहेत ना. नारिंगी एकही दिसली नाही, मेल्या असतील. फांदीवर चाचणी करायची तर आठ दिवस जातात, आणि परवा आमचे साहेब काम बघायला येणार. सातही झाडांना भोकं पाडून पांढरी भरली. भाऊंनी प्रत्येक भोक ओल्या मातीनं लिंपून अंगठा दाबला. उरलेली एक बशी बाईनं माहेरी, तिच्या भावाच्या मोहासाठी मागून घेतली, तांदळाच्या मडक्यात ठेवली. दुसरी माझ्या खिडकीत.

२ फेब्रुवारी
खिडकीतली बशी नारिंगी झाली.

उजेड नसला तर ही बुरशी रंगच धरत नाही. माहीत होतं मला. परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. पेटीत अंधार होता, म्हणून सगळ्याच पांढऱ्या. सात झाडांत मी रोगच भरला, माझ्या हातानं. लाज वाटते. सांगायला निघाले, तर दारात बाई, लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन. लेक म्हणाली मला. वडे खाल्ले. सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
साली नारिंगी पडल्यात, भोकांभोवतीच. औषधाची गरमी निघते आहे, असं मी सांगितलं. भाऊंनी मान हलवली. एवढी साधी माणसं, आणि मी निर्लज्ज.

२६ फेब्रुवारी
सकाळी उंबऱ्यावर मातीच्या सात गोळ्या. झाडांतल्या. भाऊ म्हणतात, म्या नाई काढल्या. अंगठ्याचा ठसाही त्यांचा नाही, त्यांचा अंगठा रुंद. मी माझा ठेवून पाहिला.

बरोबर बसला. सातही गोळ्यांवर.

५ मार्च
उजव्या तळव्यावर ठिपका. नारिंगी. दुखत नाही. धुतला, जात नाही.

८ मार्च
सात झाले. मोजायचे नव्हते—

१० मार्च
सगळ्या गावाचा मोह पडतोय. बाई रोज पहाटे आपल्या झाडांखालचा पाचोळा झाडते, टोपली घेऊन बसते. एक फूल नाही. मलाच धीर देते, पुढच्या साली पडन म्हणते. भावाकडे जायची आहे, ती बशी घेऊन. आज सांगणार—

नाही सांगितलं.

१२ मार्च
बाईनं तळवा पाहिला. घाबरली नाही. म्हणाली, काऊन लपवली पोरी, तुयंच औषध हाय ना आपल्यापाशी.

मडक्यातली बशी आणली. अंधारातली. पांढरीशुभ्र. भावासाठी ठेवलेली, ती मला—

भाऊ माती मळून राह्यले. उजवा हात बाईच्या मांडीवर. डाव्यानं लिहिते. सुई तापवली तिनं. विचारते, औषधच हाय ना हे?

नाही म्हणायचं. एवढंच. नाही म्हटलं की सात झाडं—

हो म्हणाले.

पहिल्या ठिपक्यात सुई— आता भाऊंचा अंगठा—