पत्रकातून काढलेली लक्षणं

३ मार्च
आजपासून तीन संकल्प. सकाळी साडेपाचला उठणे. ऑफिसला पायी जाणे. न चिडणे. पहिले दोन जमतील.
छापखान्यात आरोग्य खात्याचं पत्रक आलं. ‘जननेंद्रियांचा हर्पीज : लक्षणं ओळखा.’ पाच हजार प्रती. तपासणी अर्थात माझ्याकडे. बत्तीस वर्षं मुद्रितं तपासते आहे. मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, ताई, विषय जरा असा आहे. मी म्हटलं, विषय कसाही असो, छापलेलं बरोबर हवं. लिहिणाऱ्या डॉक्टरबाई तरुण दिसतात. प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह.
घरी आले तर ह्यांनी चहा करून ठेवलेला. लग्नाला दहा महिने झाले. दोघांचंही दुसरं. सत्तावन्नाव्या वर्षी कुणी आपल्यासाठी चहा गाळतं, याची सवय होत नाही. लावून घ्यायची.

५ मार्च
नको त्या जागी चुरचुर. मुंग्या आल्यासारखं. कारण उघड आहे : ऑफिसातली नवी रेक्झिनची खुर्ची. मॅनेजरला लेखी तक्रार दिली. कारण म्हणून ‘पाठ’ लिहिलं.
पत्रकात पहिलं लक्षण हेच दिलंय : फोड येण्याआधी चुरचुर, खाज, मुंग्या. हास्यास्पद. हे मला होतंय आणि मला हा रोग नाही, म्हणजे लक्षण चूक. काट मारली. तर्क इतका साधा असतो.

६ मार्च, दुपार
खुर्ची बदलून मिळाली. जुनीवर टकटक बसली. टकटक म्हणजे आमची संगणकावर पानं लावणारी, कीबोर्ड बडवते. दिवसभर मजेत होती. म्हणाली, ताई, मस्त आहे हो खुर्ची! तिची कातडी जाड असणार.

७ मार्च
बारीक फोड. झुबक्याने. आत पाणी. आता शंकाच नाही : ह्यांनी आणलेली कपडे धुण्याची नवी पावडर. अख्खा डबा फेकला. हे म्हणाले, अगं, माझे कपडेही त्यातच धुतो, मला कुठे काय झालंय? मी म्हटलं, तुम्हाला चहात मीठ पडलं तरी कळत नाही.
‘पाण्याने भरलेल्या फोडांचा झुबका.’ काट.
साडेपाचला उठणं उद्यापासून.

९ मार्च
ताप. अंग ठणकतंय. जांघेत गाठी. पायी चालण्याचे परिणाम. दुसरा संकल्प रद्द. फोड फुटून जखमा झाल्या, लघवीला भयंकर आग. पाणी कमी पडत असणार. दोन बाटल्या प्यायले. त्यामुळे चार वेळा जास्त जावं लागलं. उपायात कुठेतरी चूक आहे.
ताप, अंगदुखी, गाठी, आग : चारही ओळी काढल्या. डॉक्टरबाईंनी सापडेल ते भरलंय.

१० मार्च
बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. ह्यांना सांगितलं, तुम्ही घोरता. हे म्हणाले, दहा महिने घोरतोय, आज ऐकू आलं? खरं कारण इथे लिहीत नाही, कारण खरं कारण नाहीच.

१२ मार्च
पत्रकात शेवटी लिहिलंय, ‘जोडीदाराशी मोकळेपणाने बोला.’ बोला काय बोला! समजा, उगाच समजा, मला हे असलंच. तर हे मला विचारणार, कुठून आणलंस? किंवा मी ह्यांना विचारणार, तुम्ही कुठून आणलंत? दोन्हींपैकी कुठल्याही प्रश्नानंतर हा संसार टिकत नाही. आणि मला हा टिकवायचा आहे.
ओळ काढली.

१३ मार्च
टकटक म्हणाली, ताई, आता यात मथळा आणि दवाखान्याचा पत्ता एवढंच उरलंय. मधे फुलाचं चित्र टाकू? मी म्हटलं, आटोपशीर झालंय. ती म्हणाली, मग डॉक्टरबाईंच्या मंजुरीला पाठवते हं. मी म्हटलं, खुशाल.

१६ मार्च
खपल्या धरायला लागल्या! औषधाशिवाय! बरं होतंय म्हणजे रोग नव्हता. (पत्रकात होतं की जखमा दोन-चार आठवड्यांत आपोआप भरतात, पण विषाणू अंगात राहतो आणि पुन्हा उठू शकतो. ते मी केव्हाच काढलंय.)
हे घड्याळदुरुस्तीची अवजारं पेटीत भरत होते. विचारलं. म्हणाले, दुकानामागे खोली रिकामी आहे, राहतो थोडे दिवस. तुला माझा त्रास होतोय, दिसतंय मला. मी म्हटलं, जाताना गॅस बंद आहे का बघा.
दुसरं काहीही बोलता आलं असतं.

१८ मार्च
डॉक्टरबाई स्वतः छापखान्यात आल्या. तरुण वगैरे नाहीत. केस माझ्याहून पांढरे. मुद्रित माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, माझी लक्षणं कुणी काढली? मी म्हटलं, मी. चुकीची आहेत. त्या म्हणाल्या, कशावरून? पुरावा द्यायची मला सवय. म्हणून म्हटलं, मला ही सगळी आहेत आणि मला हा रोग नाही.
टकटकचा कीबोर्ड थांबला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.
डॉक्टरबाई फक्त एवढंच म्हणाल्या, चारला दवाखान्यात या.

१८ मार्च, संध्याकाळ
एक जखम अजून ओली होती, तिचा नमुना घेतला. म्हणाल्या, बघून तरी तोच वाटतोय, रिपोर्ट येऊ द्या. पहिल्या दिवशीच यायला हवं होतं, गोळ्यांनी त्रास लवकर आवरला असता. पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो.
मी विचारलं, आला कुणाकडून? म्हणाल्या, ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसतो. कित्येकांना तो असतो आणि पत्ताही नसतो. ओठावरच्या फोडातूनही येतो. तुमचे आत्ताचे यजमान, आधीचे यजमान, कुणीही असू शकेल. आणि यात चारित्र्याचा दाखला शोधू नका.
बत्तीस वर्षांत प्रत्येक चुकीचा मालक शोधून काढला. ही पहिलीच बेवारशी.

२१ मार्च
रिपोर्ट आला. आहे.
ह्यांच्याशी बोलायला सात मुद्दे काढले. दुकानाच्या दारात सगळे विसरले. एकदम म्हटलं, मला हर्पीज झालाय, तुमच्या घोरण्याचा काही संबंध नाही. हे डोळ्याचं भिंग न काढताच बघत राहिले. मग म्हणाले, म्हणजे मी घोरत नाही? मी म्हटलं, घोरता. पण त्यासाठी उठून गेले नव्हते.
मग डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं, एक ओळही न काढता. ह्यांनी भिंग काढून ठेवलं. म्हणाले, मला वाटलं, तुला लग्नाचा पश्चात्ताप झालाय. मी म्हटलं, मला कुठे वेळ आहे? हे हसले. मग म्हणाले, मलाही तपासून घ्यायला हवं. चल, दुकान बंद करतो. आणि बिचारी पावडर उगाच फेकलीस.
मी चिडले नाही.

२४ मार्च
पत्रक पुन्हा तपासणीला. सगळी लक्षणं जागच्या जागी. डॉक्टरबाईंनी वर एक ओळ वाढवली आहे : ‘यातली लक्षणं असूनही हा आजार आपल्याला असणं शक्य नाही, असं वाटत असेल तर सर्वांत आधी या.’ हिला मात्र उद्गारचिन्ह नाही.
तीनदा वाचली. ‘वाटत असेल’च्या आधी ‘ठाम’ हवं, असं समासात सुचवलं. लगेच मान्य झालं.
सही केली.