भोंग्यावरचे आप्पा

प्रिय योगी,

तू सेलूच्या दुकानात असशील. हे पत्र बजरंगच्या हाती पाठवतेय. त्याच्यावर रागावू नकोस, प्रचाराचा ऑटो त्याला मीच अंगणात उभा करायला लावला. भोंगा बंद आहे. 

सकाळी शेजारची बायनाबाई आणि मी अंगणात तूर निवडत बसलो होतो. ऑटो वळणावर आला आणि भोंग्यातून तुझे आप्पा खाकरले. बोलायच्या आधी खाकरायचे ना, अगदी तस्सेच. मी पदर डोक्यावर घेऊन उभीच राहिले. मांडीवरचं सूप कुठं पडलं, तूर कुठं सांडली, काही कळलं नाही. त्यांना जाऊन दुसरं वर्ष लागलंय, हेच मी विसरले. अर्धं गाव त्यांच्या शाळेत शिकलेलं. बायनाबाई तर "आगं माय, गुरुजी बोलायलेत की!" म्हणत ऑटोला हात जोडून रडायला लागली. मग ते म्हणाले, माझ्या राजेश्रीला सरपंच करा.

योगी, उभ्या संसारात त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. घरात काय नि चारचौघांत काय, मी योगीची आई होते. मतदान यंत्रावर राजेश्री आहे, म्हणून तू ते नाव त्यांच्या तोंडी घातलंस.

लहानपणी गणपतीत तू सिनेमातल्या नटांचे आवाज काढायचास, तेव्हा अख्खं गाव टाळ्या पिटायचं. पोरगं हुशार म्हणून घरी आल्यावर मी तुझी दृष्ट काढायची. पुढं दुकानाच्या जाहिरातीला मोबाइलवर एका बड्या हिरोचा आवाज बनवलास. गिऱ्हाइकांना वाटलं, तो खरंच आपल्याकडच्या साड्या घ्या म्हणतोय. बाजारात तुझं नाव झालं, हसून हसून माझी पुरेवाट झाली. आप्पा तेवढे हसले नाहीत. आता सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव झाली, तू मला उभं केलंस, आणि सकाळपासून तुझी प्रचाराची पोरं सांगत फिरायलीत, "योगीदादाचं डोस्कं लय चालतंय." त्यांतल्या कुणालाच धक्का बसला नाही, याचाच मला जास्त धक्का बसलाय.

हा आवाज कुठून आला, ते बजरंगनं सांगितलं. नवं कव्हर टाकतो म्हणून तू माझा मोबाइल नेला होतास. दवाखान्यातून त्यांनी मला बोलून पाठवलेले निरोप होते त्यात, त्यांवरूनच तू हा आवाज बनवलास. जेवलीस का, गोळी घेतली का, गाईला पाणी दाखव. एवढंच. मी ते रोज ऐकायची. आज लावायला गेले आणि बोटच पुढं होईना. हे आप्पा आहेत की तू, असं मनात आलं बघ.

उद्या पारावर सभा आहे. तू लिहून दिलेलं भाषण मी वाचणार नाही. भोंग्यातले गुरुजी खरे नव्हते, एवढं सांगून खाली बसेन. मग गावानं पाडलं तरी चालेल. तुला ते लोकांसमोर पहिल्यांदा ऐकायला लागू नये, म्हणून आधी कळवतेय. खरं तर फोनच करणार होते. पण फोनवरची बाई तुझी आईच आहे, हे तू तरी कशावरून ओळखलं असतंस?

तुझीच,
योगीची आई