हिरव्या चुड्याचा पुरावा

माय, सकाळपासून कशातच मन लागत नाहीये. चहा ठेवला तो उतू गेला, मेथी निवडायला घेतली आणि अर्धी निवडून तशीच सुपात टाकून उठले. तुझी नात दोनदा डोकावून गेली. "आई, काय लिहून राहिली तू एवढं?" मी म्हटलं, कामाचं आहे, जा तू. तिला काय सांगू, तुझ्या आजीशी बोलून राहिली म्हणून? म्हणेल आईचं डोकं फिरलं. आणि फिरलंच आहे म्हण ना. अकोल्याहून आल्यापासून झोप नाही, आणि लोक तर माझं कौतुक करून राहिले. कौतुकानं जीव असा जळतो हे मला या वयात कळलं.

तुला आधी सगळं सांगायला हवं, नाहीतर तुझ्या काही ध्यानात यायचं नाही. तू गेलीस तेव्हा आपल्या घरात साधा फोन नव्हता. देवीच्या रस्त्यावरचा तुझा ओटा पुढं रस्ता रुंद करताना गेला. बांगड्यांचा धंदा मात्र मी सोडला नाही. आता दुकान फोनवर आहे. तुझी नात बांगड्या स्वतःच्या हातात घालून फोटो काढते, ते फोटो लोक पाहतात, पैसे आधीच पाठवतात, आणि आपण डब्यात कापूस भरून माल कुरिअरनं धाडतो. नागपूर, पुणे, पार सुरतेपर्यंत जातो माल. पण माय, बायकांना स्वतःच्या हाताचं मापच माहीत नसतं गं! आयुष्यभर कोणीतरी त्यांचा पंजा दाबून पाहिलेला असतो, त्यांनी फक्त हात पुढं केलेला असतो. आता विचारलं की लिहितात, मिडीयम. अगं बाई, हात आहे की चहाचा कप? सुरुवातीला हसायची मी. मग चिडायला लागले. तोंड न पाहता, हात न धरता बांगडी विकायची म्हणजे नवरी न पाहता सोयरीक करण्यासारखं आहे.

तुझा एक नियम होता आणि तो साऱ्या बाजाराला ठाऊक होता. भरताना गेली तर आपली, ओट्याखाली उतरल्यावर गेली तर तिची. मी तेव्हा लहान होते, परतवाड्याच्या बाजारात तुझ्याजवळ गोणपाटावर बसलेली. एक बाई बांगड्या भरून गेली, बाजार फिरून परत आली आणि मनगट पुढं करून म्हणाली, एक आधीच तडकलेली होती जी. मी पटकन बोलले, "माय, खोटं बोलते ते, आताच कुठं तरी फोडली तिनं!" तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, गिऱ्हाइकाला खोटं म्हटलं म्हणून मारलं. तसं नव्हतंच. "सवाशिणीच्या तोंडावर फोडली म्हंते? बांगडी वाढली म्हनाव, इतकं शिकवलं तुले!" आणि तू तिला दुसरी भरून दिलीस, काही न विचारता. ती गेल्यावर मी मुसमुसत म्हटलं, पण ती खोटं बोलत होती. तू काथ्याच्या दोरीत बांगड्या ओवत म्हणालीस, "असन. मंग?" बस, तेवढंच. पुढं काही नाही. त्या "मंग"चं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. आणि तू काही फार भोळी होतीस असंही नाही. पदराआड बांगड्या लपवणाऱ्या एकीचं मनगट तू भर बाजारात धरलं होतंस आणि तिच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्यास.

आता माझा नियम ऐक. मागच्या दिवाळीच्या सुमारास एका बाईनं फुटक्या बांगड्यांचा फोटो पाठवला. हो, फुटक्याच म्हणते, आता दिवसभर हाच शब्द वाचते मी. आम्ही दुसरा डबा पाठवला. थोड्या दिवसांनी दुसऱ्याच नावानं, दुसऱ्याच गावाहून तक्रार आली, आणि फोटो तोच! तेच तुकडे, तीच सतरंजी. तुझ्या नातीनं दोन्ही फोटो माझ्यापुढं धरले तेव्हा माझं डोकंच सणकलं. लोक आपल्याला येडं समजतात की काय? मीच सांगितलं तिला, लिही ठळक अक्षरात: डबा उघडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा, मध्ये बंद करू नका, व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही. सगळेच असं लिहितात आता. त्या दिवशी मला शांत झोप लागली, खोटं कशाला बोलू.

आणि मग अकोल्याचा हिरवा चुडा आला. नवरीचा. फोटो पाहून पोरीनं निवडला होता, सोनेरी ठिपक्यांचा, शालूच्या काठाला जुळणारा. डबा मी स्वतः भरला. तुझ्या नातीनं असाच एक डबा भरून गच्चीवरून खाली टाकून पाहिला होता, एक बांगडी गेली नव्हती त्यातली. तरी अकोल्याहून नवरीच्या आईचा निरोप आला: चुडा वाढला जी, लग्न जवळ आलं, दुसरा पाठवा. माय, मला अर्थ लगेच कळला. तुझ्या हाताखाली वाढलेली मी, मला नाही कळणार? तरी मी लिहायला लावलं, व्हिडिओ पाठवा. तिनं लिहिलं, नाही काढला. मी म्हटलं, मग तुकड्यांचा फोटो पाठवा. तिनं उत्तरच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, फोटो? गप्प. मी म्हटलं, पाहा, पकडली गेली. गच्चीवरून पडून न गेलेला माल हिच्याच घरी कसा जातो? दोन चुडे पाहिजेत बाईला, घरात दुसरं लग्न असेल.

त्या रात्री नवरीनं आमच्या पानावर एक तारा दिला. तुला काय सांगू तारा म्हणजे काय! गिऱ्हाईक खूश असलं की पाच तारे देतं, नाराज असलं की एक. आणि खाली लिहिलं, या बायका आधी पैसे घेतात आणि मग गिऱ्हाइकालाच चोर ठरवतात. झालं. खाली लोक विचारायला लागले, खरं का हे? दोन जणींनी मागणी काढून घेतली. तुझी नात म्हणाली, आई, आपला नियम दाखवून उत्तर देऊन टाकू, आपली काही चूक नाही. चूक नाही हे मलाही माहीत होतं. पण रात्रभर तो एक तारा उघडून पाहत राहिले. सकाळी उठून मी तसाच दुसरा चुडा पिशवीत घातला आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. तुझ्या नातीला सांगितलं, भरून देऊन येते. तिला वाटलं आई किती मोठ्या मनाची. पण तुला म्हणून सांगते, मनात ठरलं होतं: आधी तुकडे पाहीन, आपलेच आहेत की नाहीत ते ओळखीन, मगच पिशवीला हात घालीन. मूर्तिजापूर गेलं तरी मी डोक्यात हेच घोळवत होते, की खोटी निघाली तर काय काय बोलायचं.

घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे. दारात मांडव घालणं चाललेलं. मी नाव-गाव सांगितलं तशी नवरीची आई उंबरठ्यातच उभी राहिली. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. माझ्याच वयाची असेल, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "चुडा आनला मी. आधी तुकडे दाखवता का?" माय, काय नजरेनं पाहिलं गं तिनं माझ्याकडं! म्हणाली, "तुकडे? पोरीच्या लग्नघरात मी तुकडे ठेवू? डबा उघडला अन् तो चुडा तसा पायला, माह्या काळजाचं पानी झालं. पोरीच्या नजरेस पडायच्या आधी फडक्यात बांधला अन् हिच्या बाबाच्या हातानं मोर्नेत सोडाले लावला. अन् तुमी म्हंता फोटू पाठवा! हिरव्या चुड्याचा, तशा? तुमी बांगड्याचाच धंदा करता नं बाई? तुमाले समजत नाई?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. समजत होतं गं. सगळं समजत होतं. ज्या घरात तो शब्दसुद्धा तोंडातून काढायची चोरी, त्या घरातली मी, आणि मी एका नवरीच्या आईकडं दोन दिवस पुरावा मागत होते. मी विचारलं, मग चौकातून दुसरा का नाही घेतला? अकोल्यात काय बांगड्यांची वाण आहे? तर ती रडायलाच लागली. "घेतला असता जी. पन मनात पाल चुकचुकली नं. वाटलं, तिथूनच दुसरा धड आला तं समजू, काई झालंच नाई." मी आत गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी गेले, सतरंजीवर बसले आणि नवरीला म्हटलं, ये बाई, हात दे.

पोरगी बसली, पण हात देईना. शेजारी बसलेल्या तिच्या मावशीकडं वळून म्हणाली, "मोबाईल लाव व मावशी. पयल्यापासून काढ. मधी बंद नको करू." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमचाच नियम हाय." तिथं बसलेली एकही बाई हसली नाही. मावशीनं फोन माझ्या हातांवर रोखला. इतक्या वर्षांत हजारो हात धरले मी, पण अशा पहाऱ्यात कधी बांगडी भरली नव्हती. तिचा पंजा चेपला, अंगठ्याचं बूड दाबलं, सैल सोड म्हटलं, तरी ती सोडेना. कशी सोडेल? एक, दोन, चार गेल्या, आणि मग एक माझ्याच बोटांखाली कटकन गेली. फोन सुरू. तुझं वाक्य माझ्या तोंडून आपसूक निघालं, "भरताना गेली, माही गेली." आणि काय झालं कोण जाणे, पोरगी एकदम हसली. तिचा हात माझ्या हातात असा मऊ पडला! पुढचा सगळा चुडा पाण्यासारखा चढला. तिची आई उठून आत गेली आणि चहा घेऊन आली, वर शेवेची बशी. निघताना माझी ओटी भरली तिनं. मी पायरी उतरताना म्हणाली, "राग नका मानू बाई, घाबरली होती मी." मी तिची माफी मागितली, मनापासून मागितली.

इथवरचं सगळ्यांना माहीत आहे. पोरीनं तो व्हिडिओ आमच्या पानावर टाकला, एका ताऱ्याचे पाच केले, आणि आता त्याच्याखाली बायकांची रांग लागली आहे. ताई, असा विश्वास कुठं मिळतो. ताई, माणुसकी जिवंत आहे. कालपासून मागण्या इतक्या की डबे पुरेनात. तुझी नात नाचून राहिली घरभर. म्हणते, आई, तो व्हिडिओचा नियम काढून टाकू का आता? मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, का गं? मी म्हटलं, सगळेच काही अकोल्याच्या बाईसारखे नसतात. पण तिच्या नजरेला नजर देता आली नाही मला.

कारण पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या घरातून निघाले, रिक्षात बसले. ओटीचे तांदूळ मांडीवर, हातांना अजून त्या पोरीच्या हळदीच्या साबणाचा वास. डोळे भरून आले होते, ते खोटं नव्हतं. आणि पूल आला. तुझ्या नातीचा फोन आला तेव्हा मी पुलावरच होते. ती आनंदानं ओरडत होती, "आई, पाच तारे दिले त्यायनं!" आणि मी रिक्षावाल्याला थांबवून कठड्याशी उभी होते. खाली मोर्णेत पाणी दिसत नव्हतं, काठापासून काठापर्यंत सगळी जलकुंभीची हिरवी पानं दाटलेली. तुकड्यांचं ते फडकं खरंच टाकलं असतं तर ते वरच अडकून राहिलं असतं. मी या कठड्याकडून पाहिलं, मग रस्ता ओलांडून त्या कठड्याकडून पाहिलं. रिक्षावाला म्हणाला, "काही पडलं काय बाई तुमचं?" मी नाही म्हटलं, आणि तरी पाहतच राहिले.